एकत्र जेवायला जाताना घ्यायची खबरदारी

शहरातल्या आपल्या लाडक्या फूड हॉलमध्ये जायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी बरोब्बर एक वाजता पोहोचा. साडेअकराला गेलात तर टेबलं रिकामी मिळतील, काउंटरवरचा मुलगा हसून बोलेल आणि अन्न गरम मिळेल. असं जेवण घरीही मिळतं. त्यासाठी गाडी काढायची, पार्किंगसाठी तीन मजले चढायचे आणि परत उतरायचे, ही यातायात कशाला?

सोबत किमान चार जण न्या, आणि काय खायचं ते निघण्यापूर्वी चुकूनही ठरवू नका. एकाला नूडल्स हव्यात, दुसऱ्याला पिझ्झा, तिसऱ्याला 'काहीतरी हलकं', चौथ्याचं डाएट चालू आहे, आणि पाचवा म्हणतो, "मला अजिबात भूक नाही, तुमच्यातलंच दोन घास खाईन." एका छपराखाली वीसेक काउंटर असल्यामुळे कुणालाच मन मारावं लागत नाही, म्हणून तर आपण इथे येतो. या पाचव्या माणसाला मात्र जपा. मोहिमेचा खरा सेनापती तोच.

आत शिरल्यावर दिसेल त्या पहिल्या काउंटरवर पैसे देऊन मोकळे होऊ नका, तो पोरकटपणा झाला. आधी सगळ्या हॉलला एक फेरी मारा, मग उलटी फेरी मारा. वर टांगलेले सगळे फलक मान मोडेपर्यंत वाचा. चव बघायला मिळणारे इवलेसे चमचे तोंडात धरून "हं, बरंय" असं म्हणत पुढे सरका. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दुकानात २४ प्रकारचे जॅम चाखायला ठेवले तेव्हा बघायला गर्दी जास्त जमली, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी खरेदी केली. ६ प्रकार ठेवले तेव्हा सुमारे ३० टक्क्यांनी. पुढे इतरांनी तसे प्रयोग केले, तेव्हा हा परिणाम दरवेळी काही दिसला नाही. ते बहुधा जेवून प्रयोगाला बसले असावेत. तुम्ही उपाशी आहात, त्यामुळे निश्चिंत असा. पस्तीस मिनिटं फिरून तुम्ही तेच घ्याल, जे गेल्या वेळी घेतलं होतं आणि 'परत घ्यायचं नाही' असं ठरवलं होतं.

तोवर पाचव्याला जागा धरायला पाठवा. रिकामं टेबल नसतंच. त्यामुळे ज्यांचं जेवण संपत आलंय असा एखादा गट हेरायचा आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. फार लांब नाही, त्यांच्या सुपाचा वास येईल इतक्या अंतरावर. नजर सरळ त्यांच्या ताटातल्या शेवटच्या घासावर ठेवायची. मोबाइल बघितल्याचं नाटक केलं तरी चालेल, पण अधूनमधून उसासा हवा. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मॉलच्या पार्किंगमध्ये बसून नोंदी केल्या होत्या: आपल्या जागेसाठी कुणी थांबलंय हे दिसलं की गाडी काढायला लोक जास्त वेळ लावतात, आणि त्याने हॉर्न वाजवला तर त्याहूनही जास्त. खुर्चीलाही हाच न्याय लागू आहे. तुम्ही उभे राहिलात की समोरची बाई उरलेला एक तुकडा कापून त्याचे चार करते. मग पाण्याचा घोट. मग नवऱ्याला कुठलासा जुना फोटो दाखवते. तुम्ही खचू नका, दुसरा उसासा सोडा.

टेबल मिळालं की एक माणूस आणि पाच खुर्च्या, असं गणित सोडवायचं असतं. एका खुर्चीवर पिशवी, दुसरीवर जॅकेट, तिसरीवर छत्री. चौथीवर ठेवायला काही उरत नाही, म्हणून तिथे पाय. हातात ट्रे घेतलेले आजोबा "इथे कुणी आहे का?" असं विचारतात, तेव्हा "येतायत, येतायत" म्हणताना चेहरा खरोखर दुःखी दिसला पाहिजे. मी स्वतः ही कला कमावायला बरीच वर्षं घालवली आहेत.

इकडे बाकीचे चौघं चार रांगांत. रांग निवडल्यावर शेजारची रांगच भराभर सरकते, याला नशिबाचा खेळ समजू नका. तीन सारख्या रांगा असतील तर सगळ्यात वेगवान रांग तुमची असण्याची शक्यता तिनात एक, आणि दुसऱ्या कुणाची तरी असण्याची तिनात दोन. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ पासून ताटकळण्याच्या या शास्त्राचा पाया घातला. तेव्हा प्रश्न फोन लागण्याचा होता. तुमच्या पुढचा माणूस काउंटरपाशी पोहोचल्यावर घरी फोन लावून "तुला काय आणू?" असं विचारतो, तेव्हा दोन्ही विषय छान एकत्र येतात.

पैसे दिले की हातात बझर मिळतो. थरथरणारी, लाल दिवे लुकलुकणारी ही चकती म्हणजे फूड हॉलची खरी करामत, कारण एकत्र जेवायला आलेल्या पाच माणसांना पाच वेगवेगळ्या वेळी जेवायला लावायचं काम तीच करते. नूडल्सचा बझर चार मिनिटांत वाजतो. पिझ्झा भट्टीतून यायला वीस मिनिटं. 'काहीतरी हलकं' सगळ्यात उशिरा येतं, कारण त्यात काय काय घालायचं नाही याची यादी मोठी असते. डाएटवाल्याचा बझर वाजतच नाही. तो तिथे जाऊन चौकशी करतो, तर ताट केव्हाचं तयार होऊन पडलेलं असतं.

आता शिष्टाचार पाळा. पहिल्याने ट्रे पुढ्यात ठेवून हाताची घडी घालून बसायचं. इतरांनी म्हणायचं, "तू सुरू कर ना, गार होईल." त्याने म्हणायचं, "छे, येऊ दे सगळ्यांचं." हा संवाद तीनदा झाला पाहिजे. तोवर नूडल्सचा एकसंध गोळा होतो, आणि झाकणाखाली ठेवलेलं तळण स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं. शेवटी तो सुरू करतो, आणि पिझ्झा येतो तेव्हा त्याचं संपलेलं असतं. मग तो बसल्या बसल्या दुसऱ्यांना जेवताना बघतो, आणि 'हलकं' खाणाऱ्याला आपल्यामुळे सगळे खोळंबलेत असं वाटून तो अर्धं टाकून उठतो. या सगळ्यात शांतपणे, गरम गरम आणि चारही प्रकारचं जेवतो तो फक्त पाचवा. प्रत्येक ट्रे आला की "बघू जरा" म्हणून पहिले दोन घास त्याचे.

गप्पा मारायचा विचार असेल तर गळा आधी तयार ठेवा. फरशी, काच आणि उंच छत, यातलं काहीही आवाज शोषून घेत नाही. एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलं होतं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. शेजारच्या टेबलाने चढवला म्हणून तुम्ही चढवता, तुम्ही चढवला म्हणून ते. वाढदिवसाची टाळी वाजली की सगळा हॉल एक पट्टी वर जातो. "आजींचं ऑपरेशन कसं झालं?" या प्रश्नाला "हो, चीज जास्तच आहे" असं उत्तर मिळालं तर मान डोलवा. चवीचंही तसंच. कॉर्नेल विद्यापीठातल्या २०१५ च्या एका अभ्यासात विमानाच्या केबिनसारखा मोठा आवाज ऐकवल्यावर लोकांना गोड चव कमी जाणवली. तेव्हा मिठाईवाल्याशी हुज्जत घालू नका, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांशी घाला.

उठताना ट्रे टेबलावरच सोडा. तो उचलून चार पावलांवरच्या रॅकवर ठेवलात तर पुढच्या गटाला तुमची आठवण कशी राहणार? सिंगापूरने या बाबतीत फारच रसभंग केला. तिथे २०२२ पासून फूड कोर्टमध्ये ट्रे न उचलणाऱ्याला आधी ताकीद मिळते, पुन्हा सापडला तर दंड. आपण सुदैवी. सांडलेल्या सॉसवर एक टिश्यू पसरून ठेवला की काम झालं.

आणि निघा झटकन, कारण मागे केव्हाचं कुणीतरी उसासे टाकत उभं आहे. तुम्ही पाचही जण उठता, पिशवी, जॅकेट, छत्री गोळा करता, आणि वळेपर्यंत पाचही खुर्च्या भरलेल्या असतात. तेवढ्यात कुणाच्या तरी खिशात थरथर सुरू होते. लाल दिवा कापडातून लुकलुकतो. चौघंही आपापले खिसे चाचपतात, पण त्यांचे बझर तर केव्हाच परत गेलेत. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू पाचव्याकडे वळतात.

"आइस्क्रीम आहे," मी म्हणतो. "एकच सांगितलंय. मला कुठे भूक आहे!"