ड्रोन ‘आपोआप’ उडतो, पण कुठपर्यंत?

ट्रेकिंगच्या, सोसायटीच्या आणि लग्नाच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, सोबत एक चकचकीत रील. मेसेजचा मथितार्थ असा: आताचे कॅमेरा ड्रोन स्वतःच उडतात, शिकायची गरज उरलेली नाही. सगळीकडून सेन्सर असल्यामुळे ते कुठे आपटत नाहीत. सिग्नल गेला किंवा बॅटरी संपत आली तरी आपणहून घरी येतात. एकदा माणूस निवडला की त्याला सोडत नाहीत. एका बटणावर सिनेमासारखं शूटिंग होतं. आणि वजन २५० ग्रॅमच्या आत असेल तर परवानगीची भानगड नाही, सिंहगडावर न्या नाहीतर गच्चीवरून उडवा.

मी पुण्यात लग्नांचं आणि बांधकाम साइटचं ड्रोन शूटिंग करतो. आपोआप उडायचे हे सगळे मोड मी रोज वापरतो आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार या मेसेजबद्दल आहे, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे, आणि ड्रोन पडतो तो उरलेल्या अर्ध्यात.

सेन्सर आहेत, म्हणून आपटत नाही

कुठल्या ड्रोनला? डीजेआय या चिनी कंपनीच्या मिनी २ आणि मिनी ३ ला फक्त खालच्या बाजूला सेन्सर आहेत. मिनी ३ प्रोला पुढे, मागे आणि खाली. सगळ्या दिशांना बघणारे सेन्सर त्या मालिकेत २०२३ च्या मिनी ४ प्रोमध्ये आले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली (संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढे अपवाद सोडून), त्यामुळे माझ्या पाहण्यात येणारे बरेच ड्रोन त्याआधीचे, सेकंडहँड किंवा कुणाच्या तरी भाच्याने परदेशातून आणलेले असतात. रीलमधला ड्रोन आणि तुमच्या हातातला ड्रोन एकच आहे का, हे आधी बघा.

आता गंमत बघा. ‘सर्कल’ हा सगळ्यांचा लाडका मोड. कॅमेरा माणसाकडे तोंड करून असतो आणि ड्रोन त्याच्याभोवती आडवा सरकत गोल फिरतो. म्हणजे मिनी ३ प्रोसारख्या ड्रोनचे सेन्सर पुढे आणि मागे बघताहेत, आणि तो चाललाय कुशीकडे, जिथे त्याला डोळाच नाही. लॉनवरचं नारळाचं झाड त्याला दिसत नाही ते त्यामुळे. ‘ड्रोनी’मध्ये तो मागे सरकत वर चढतो; मिनी २ वर हा मोड लावलात तर ड्रोनच्या पाठीमागचं झाड बघायचं काम पूर्णपणे तुमचं.

चहूबाजूंनी सेन्सर असले तरी ते बघतात कसं, तेही समजून घ्यायला हवं. बहुतेक सेन्सर म्हणजे शेजारीशेजारी बसवलेले दोन छोटे कॅमेरे. दोन्ही चित्रांतला फरक मोजून अंतर काढतात. त्यासाठी उजेड लागतो आणि समोरच्या पृष्ठभागावर काहीतरी खूण, खडबडीतपणा लागतो. कोरी पांढरी भिंत, काचेची इमारत, संधिप्रकाश, निष्पर्ण फांदी, वायर, इथे ते गोंधळतात. पेठांमध्ये एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर गेलेल्या केबलच्या आणि इंटरनेटच्या वायरी आठवा. जानेवारीत एका मित्राचा ड्रोन उघडला होता: चारपैकी एका मोटरच्या खाली नायलॉनचा मांजा इतका घट्ट गुंडाळला होता की चिमट्याने ओढताना तांब्याच्या वेटोळ्यांचं वार्निशही खरवडून आलं. मांजा दिसणारा सेन्सर माझ्या तरी पाहण्यात नाही. २०२४ मध्ये आलेल्या एअर ३ एस ला पुढच्या बाजूला लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आहे, त्यामुळे अंधारातही समोरचं बरंच कळतं. पण तो पुढच्या बाजूला आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि वेगाने उडवायचा स्पोर्ट मोड लावला की अडथळे टाळणं बंद, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

सिग्नल गेला तरी घरी येतो

येतो. पण घर कुठे आहे हे त्याला उड्डाणाच्या सुरुवातीला कळावं लागतं. पुरेसे उपग्रह सापडले की ड्रोन ‘होम पॉइंट’ नोंदवतो आणि अ‍ॅपमधली बाई तसं बोलूनही दाखवते. घाईघाईने, तिचं बोलणं ऐकायच्या आधीच उडवला, तर घर नोंदलंच जात नाही, किंवा ड्रोन हवेत पुढे सरकल्यावर भलत्याच जागी नोंदलं जातं. चालत्या जीपमधून शूटिंग करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की घर सुरुवातीच्या जागीच राहतं, जीपबरोबर येत नाही. ते अ‍ॅपमध्ये जाऊन मुद्दाम बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि सह्याद्रीत हीच सगळ्यात महागात पडते. स्क्रीनवर दिसणारी उंची ही तुम्ही जिथून उडवलंत तिथून मोजलेली असते. ड्रोनच्या खाली त्या क्षणी जी जमीन आहे, तिच्यापासून नाही. परतीची उंची, म्हणजे घरी येताना ड्रोनने किती वर चढायचं याचा आपण ठेवलेला आकडा, तीही तशीच. समजा तुम्ही ताम्हिणीच्या बाजूला दरीत उभे आहात, परतीची उंची ४० मीटर ठेवली आहे आणि ड्रोन डोंगराच्या १०० मीटर उंच सोंडेला वळसा घालून पलीकडे गेला. मध्ये डोंगर आला की सिग्नल तुटणार. ड्रोन ४० मीटरवर चढणार आणि घराच्या दिशेने सरळ रेषेत निघणार. सरळ रेषेत सोंड आहे. पुढे सेन्सर असेल आणि उजेड असेल तर तो थांबेल किंवा वर चढेल. नसेल तर कातळावर त्याचे तुकडे शोधायला जा.

उलट बाजूनेही हेच. कड्यावरून उडवून ड्रोन दरीवर नेलात, तर स्क्रीन १२० मीटर दाखवत असताना खालची जमीन ५०० मीटर खाली असू शकते. नियमातली मर्यादा ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर, जमिनीपासूनची आहे. अ‍ॅपने वर जाऊ दिलं नाही म्हणजे तुम्ही नियमात आहात, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग वारा. कंपनीने मिनी ४ प्रोला दिलेली ३४ मिनिटं ही बिनवाऱ्याच्या हवेत, एकसारख्या वेगाने, बॅटरी १०० वरून शून्यावर नेऊन मोजलेली आहेत. शून्यावर कोण उतरवतं? जाताना वारा पाठीशी असला की सगळं छान चाललेलं असतं. परत येताना समजा ड्रोन शांत हवेत ताशी ४० किलोमीटरने उडू शकतो आणि समोरून ताशी ३० चा वारा आहे. जमिनीवरचा वेग उरला ताशी १०. एक किलोमीटर यायला सहा मिनिटं. शिवाय परतीसाठी तो आधी वर चढतो, आणि वर वारा बहुधा जास्तच असतो. गडाच्या काठावर उभं राहून टोपी सांभाळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रोनचं सॉफ्टवेअर परतीला किती बॅटरी लागेल याचा हिशोब सतत करत असतं आणि तो बऱ्यापैकी चांगला असतो, पण पाच मिनिटांनी वारा काय करेल हे त्यालाही ठाऊक नसतं. समोरून वारा असेल तर परतीचं बटण रद्द करून, उंची कमी करून, हाताने आणणं शहाणपणाचं ठरू शकतं. म्हणजे पुन्हा उडवता यायला हवं.

गच्चीवाल्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. उपग्रहांवर उतरणारा ड्रोन एखाददोन मीटर इकडेतिकडे उतरू शकतो. मैदानावर त्याने काही बिघडत नाही. गच्चीवर दोन मीटरवर कठडा असतो आणि कठड्यापलीकडे पार्किंगमधल्या गाड्या. खालच्या कॅमेऱ्याने जागा ओळखून नेमकं उतरणं जमतं, पण त्यासाठी उडताना आधी सरळ वर जाऊन त्याला जागा नीट बघू द्यावी लागते, आणि उजेड लागतो. त्यात स्लॅबमधल्या सळया, पत्र्याची शेड आणि लोखंडी स्टँड. ड्रोनचा कंपास या सगळ्यात बिथरतो आणि मग तो एका जागी स्थिर राहायच्या ऐवजी गोल गोल वाहत जायला लागतो.

माणूस निवडला की सोडत नाही

एकटा सायकलवाला, मोकळा रस्ता, ठळक रंगाचं जर्किन: इथे अ‍ॅक्टिव्ह ट्रॅक (माणसामागे आपोआप जाणारा मोड) झकास चालतो, मी हाताने इतकं सफाईदार करू शकत नाही. पण तो माणूस ओळखत नसतो, चित्रातला एक आकार आणि रंग धरून ठेवतो. गेल्या हंगामात एका लग्नात नवरदेव निवडला होता. वऱ्हाडातल्या तमाम पुरुषांना एकाच रंगाचे फेटे. घोडा मांडवाच्या कमानीखालून गेला, दोन सेकंद दिसेनासा झाला, आणि बाहेर आल्यावर ड्रोन अत्यंत निष्ठेने मुलाच्या मामाच्या मागे लागला. मामा खूश होते, हा भाग वेगळा.

गर्दीवर ड्रोन नेणं मुळातच चूक, हे इथे सांगून ठेवतो. मिरवणुकीच्या बाजूने, अंतर ठेवून शूट करा.

एका बटणावर सिनेमा

मास्टरशॉट्स, क्विकशॉट्स हे मोड ड्रोन कसा सरकेल एवढंच ठरवतात. प्रकाशाचं काय? भर दुपारी लॉनवर सगळं ऑटोवर ठेवून सर्कल लावा. अर्ध्या फेरीत सूर्य समोर येतो, चित्र काळवंडतं. पुढे पांढरा मांडव येतो, पुन्हा उजेडाची उडी. त्यात रंगही निळ्याचे पिवळे होत जातात. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करून मग सर्कल लावा, त्याच मोडमधून दुप्पट चांगलं काम मिळेल.

शटरचंही तेच. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. मिनी ४ प्रोच्या लेन्सचं छिद्र एफ १.७ वर कायम आहे, लहान करता येत नाही. उन्हात ऑटोवर सोडलंत तर तो शटर १/२००० च्या पुढे नेतो आणि फेटे, झेंडे, धावणारी माणसं सगळी तुटक तुटक दिसतात. उपाय म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सवरचा गॉगल. संध्याकाळी एलईडीच्या माळा लागल्या की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्या लुकलुकताना पकडल्या जातात. तिथे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावा. यातलं काहीही ते बटण तुम्हाला विचारत नाही.

आणि माझं मत विचाराल तर, बटणावरच्या शूटिंगची खरी अडचण वेगळीच आहे: सगळी लग्नं सारखी दिसतात. जोडपं, गोल फेरी, वर उड्डाण, संपलं. याउलट वेपॉइंट हा मोड लोक वापरतच नाहीत, आणि तो खरा कामाचा. बांधकाम साइटवर दर महिन्याला त्याच मार्गाने, त्याच उंचीवरून, त्याच कोनातून ड्रोन नेता येतो. सगळे तुकडे जोडले की इमारत डोळ्यांसमोर उभी राहते. हाताने हे जन्मात जमणार नाही.

२५० ग्रॅमच्या आत, म्हणजे परवानगी नको

यातलं खरं आधी. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते दोन किलोचा ‘मायक्रो’ही हौसेखातर उडवायला प्रमाणपत्र लागत नाही, धंद्यासाठी लागतं.

पण कुठे उडवायचं याचे नियम वजन बघत नाहीत. आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. आता पुण्याचा लोहगाव विमानतळ डोळ्यांसमोर आणा. तो हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानं तिथे पाहुणी. विमाननगर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, खराडी, मुंढव्याची लॉन्स, सगळं आठ किलोमीटरच्या आत. शिवाय खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), पाषाणला संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, कॅम्पात दक्षिण कमांडचं मुख्यालय. पुण्यात ड्रोनसाठी बिनघोर आकाश शोधावं लागतं. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा पट्ट्यांचा नकाशा उघडल्याशिवाय पंखे लावू नका. त्यावर पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश वेगळेच. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सिंहगडाचं तर विचारूच नका. एनडीए शेजारी, गड राज्य संरक्षित स्मारक, आणि शनिवार-रविवारी माणसांची जत्रा. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. दोन्हीकडे त्या त्या खात्याची परवानगी आधी काढायची.

‘अ‍ॅपने उडू दिलं म्हणजे चालतं’ असंही त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय. अ‍ॅपमधली बंदी ही कंपनीने स्वतःच्या नकाशावरून घातलेली असते, सरकारच्या नाही. अमेरिकेत तर डीजेआयने जानेवारी २०२५ मध्ये ती बंदी काढून नुसती सूचना दाखवायला सुरुवात केली.

राहता राहिलं वजन. नियमात धरलेलं वजन म्हणजे ड्रोनवर जे जे चढवलंय त्या सगळ्यासकट. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पंख्यांचे गार्ड लावले की पलीकडे. मिनी ४ प्रोला जास्त वेळ चालणारी ‘प्लस’ बॅटरी घातली की तो २५० च्या बराच वर जातो आणि मायक्रो होतो. मग लग्नाचे पैसे घेऊन उडवणाऱ्याला प्रमाणपत्र हवं आणि नॅनोला माफ असलेला थर्ड पार्टी विमाही हवा. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय आणि ज्यांच्या बॅगेत ती बॅटरी आहे, त्यांनी ड्रोन एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघावा.