व्हीपी सोडवताना

पैसे आधी, पुडकं नंतर. हा पोस्टाचा नियम मला मागच्या मंगळवारी एका गृहस्थांनी सबंध रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात समजावला. ते गृहस्थ पोस्टात नोकरीला नव्हते, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी एका घरपोच पुस्तक योजनेचा सभासद आहे. वर्गणी भरायची, मग दरमहा 'तज्ज्ञ समितीने निवडलेलं' एक नवं पुस्तक सवलतीत व्हीपीने, म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवायच्या टपालाने, येतं. पोस्टमन आला तेव्हा घराला कुलूप होतं, तो चिठ्ठी टाकून गेला, आणि चारशे दहा रुपये घेऊन मी रांगेत. संपली प्रस्तावना.

रांग मासिक व्याजवाल्यांची. माझ्यापुढे एक आजोबा. काखेत कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पासबुक आणि पासबुकाला रबर. मान तिरकी करून त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी वाचली.

"व्हीपी होय? काय मागवलंय?"

"पुस्तक."

"कुठलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे? मागवलंय तुम्हीच ना?"

"हो, पण निवडतात ते."

"आणि पैसे?"

"ते मी भरतो."

आजोबांनी पिशवी डाव्या काखेतून उजव्या काखेत घेतली. "आधी फोडून बघता येतं?"

"नाही."

"नाहीच येत! पैसे आधी, पुडकं नंतर. नियमच आहे तो." मग ते रांगेकडे वळले. "ऐकलंत का? यांना पुस्तक आलंय. कुठलं ते यांना ठाऊक नाही!"

रांगेला तेवढंच हवं होतं. व्याज काही पळून जात नव्हतं. आरडीचं कार्ड घेऊन आलेल्या एक ताई माझ्या बाजूने म्हणाल्या, "सरप्राइज असेल हो."

"स्वतःच्या पैशाने कसलं सरप्राइज? अहो, आमच्या वेळी मुलगीसुद्धा बघून करत. न बघता झालेलं लग्न आमच्या घरात एकच, थोरल्या भावाचं. आणि त्याचं पुढे काय झालं..."

इतक्यात खिडकीतून "पुढे या" असं आलं आणि थोरल्या भावाचं काय झालं ते राहूनच गेलं. मला ते अजून हवंय. चारशे दहा रुपये मी त्यासाठी आनंदाने दिले असते.

आजोबांना कोण सांगणार की या उद्योगाला शंभर वर्षं झाली? १९२६ साली अमेरिकेत हॅरी शरमन नावाच्या जाहिरातवाल्याने 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला. पाच नामवंत परीक्षक बसवले. ते निवडणार, टपाल पोचवणार. पुढे यात खरी मेख मारली गेली ती अशी की 'पाहिजे' म्हणून कळवायचं नाही, 'नको' म्हणून कळवायचं. कळवलं नाही तर पुस्तक दारात. माणूस स्वभावतः आळशी आहे, एवढ्या एका शोधावर हा धंदा उभा राहिला. पैसे घेऊन पुडकं देण्याची व्हीपीची सोय तर आपल्याकडे १८७७ पासूनची. म्हणजे सापळा आणि आमिष दोन्ही जुनी, मी तेवढा नवा.

तरी मी सभासद का झालो? कारण आमच्या गावातलं पुस्तकांचं दुकान आता गाइडं आणि लॅमिनेशनवर जगतं. शिवाय स्वतः निवडायला बसलं की मी तेच ते चार लेखक उचलतो. दुसऱ्याने हातात काहीतरी भलतंच ठेवावं, ही माझी खरी हौस. १९७४ मध्ये ग्रंथाली सुरू झाली ती वाचक चळवळ म्हणून. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन त्यांनीच काढलं. ज्या घरांत तोवर नाट्यपदांची पुस्तकं आणि रुखवताच्या कृती होत्या, अशाही काही घरांत ते गेलं असणार, आणि तिथे कोणीतरी रात्रभर जागलं असणार. असं काही आपल्याही वाट्याला यावं म्हणून मी फॉर्म भरला होता.

पुडकं मी डिंकाच्या टेबलावर फोडलं. घरी नेऊन फोडणार होतो, पण आजोबा व्याज घेऊन तिथेच थांबले होते, आणि आरडीवाल्या ताईही. सुतळी, खाकी कागद, आत प्लॅस्टिक, आत सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. मुखपृष्ठावर घोडा. घोड्याच्या टापेखाली बारीक अक्षरांत 'खंड दुसरा'.

"पहिला कधी आला?" आजोबांनी विचारलं.

"आला नाही."

खिडकीतल्या बाईंनीसुद्धा शिक्का मारायचा हात थांबवला. आजोबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'त्या रात्रीनंतर राजांनी तो विषय पुन्हा काढला नाही.' कुठल्या रात्रीनंतर? कुठला विषय?" याचं उत्तर त्यांना माझ्याकडून हवं होतं. मग पुस्तक परत देत ते म्हणाले, "वाचून झालं की द्या मला. फुकट असेल तर दुसऱ्या खंडापासून चालतं."

योजनेच्या कचेरीत फोन केला. पलीकडून एक तरुण आवाज गोडीने म्हणाला, "सर, पहिला खंड आऊट ऑफ प्रिंट आहे. पण प्रत्येक खंड स्वतंत्रपणे एन्जॉय करता येतो."

"पहिलं वाक्य वाचलंय का तुम्ही?"

"सर, मी डिस्पॅचला आहे."

परत पाठवायचं तर सात दिवसांत, आणि खर्च माझा. पूर्वी नोंदणीकृत बुकपोस्ट स्वस्तात जायचं. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने ती सेवाच बंद केली. आता हा घोडा स्पीड पोस्टाने परत धाडायचा तर मिळालेली सवलत तिकिटातच जाणार. म्हणजे चूक त्यांची, भाडं माझं. हे ग्राहकाला लुटणं नाही तर काय? समितीतल्या एका तरी तज्ज्ञाने पुस्तक उघडून पाहिलं असतं, तर 'दुसरा' हा शब्द त्याला दिसला असता. त्याला काही साहित्याची फार जाण लागत नाही.

'पुढील पुस्तक नको असल्यास दहा तारखेपूर्वी कळवावे' असं छापलेलं कार्ड पुडक्यातच होतं. पुडकं मी सोडवलं बारा तारखेला. तरी सविस्तर पत्र लिहिलं, तारखांसकट. उत्तर तत्परतेने आलं: आपली सूचना समितीपुढे ठेवण्यात येईल, समितीची बैठक दर तीन महिन्यांनी असते, आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक काल रवाना झालं आहे.