अर्थिंग बघितलं का?

आमच्या कंपनीचा ईमेल तात्यांनी दुरुस्त केला. तात्या म्हणजे शेठचे व्याही, रिटायर्ड लाइनमन. नाशिकच्या अंबडला आमच्या गल्लीत चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना हे आता पाठ झालंय. आदली रात्र आणि अख्खी सकाळ त्या ईमेलपायी घालवलेला मी या कथेत 'तिथं बसलेला पोरगा' एवढाच उरलोय. वय ४६.

मी खरं तर अकाउंट्स बघतो. एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावता येतं, या गुन्ह्यासाठी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात आहेत. जुन्या होस्टिंगवाल्याचं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर आमचे मेल राहतात त्याचं, पॅकेज संपत आलं होतं, म्हणून सगळ्यांचे मेलबॉक्स नव्या ठिकाणी हलवायचे होते. आयमॅप या मेल वाचायच्या ठरलेल्या पद्धतीने जुन्या सर्व्हरवर शिरायचं, पोर्ट ९९३ हे त्याचं दार, मेल उचलायचे, नव्या सर्व्हरवर नेऊन टाकायचे. बाकीच्यांची खाती रात्रीत गेली. सकाळी शेठच्या खात्याला हात घातला आणि पडद्यावर उमटलं: कनेक्शन टाइम्ड आउट.

इथं थोडं सांगून घेतो, कारण ऑफिसात कुणी ऐकून घेतलं नाही. 'रिफ्यूज्ड' आलं तर समोरचं मशीन बहुतेक जागं असतं, त्या पोर्टवर घेणारं कुणी नसतं. पासवर्ड चुकला तर सर्व्हर तसं तोंडावर सांगतो. 'टाइम्ड आउट' म्हणजे पलीकडून हूं की चूं नाही. बरेचदा फायरवॉलने, म्हणजे सर्व्हरच्या पहारेकऱ्याने, आपली पॅकेट, म्हणजे आपण पाठवलेले निरोप, न बोलता टाकून दिलेली असतात. मी मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. तोच लॅपटॉप, तोच पासवर्ड, आणि पटकन आत! म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता. वाळीत टाकला होता तो आमच्या ऑफिसचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा घरनंबर.

का, तेही उघड होतं. या हलवाहलवीसाठी जुन्या खात्यांचे पासवर्ड बदलले होते आणि 'फोनमधून जुनं खातं काढून टाका' असं ग्रुपवर लिहिलं होतं. सगळ्यांनी अंगठा दाखवला. काढलं कुणीच नाही. त्यांचे फोन ऑफिसच्या वायफायवरून जुनाच पासवर्ड घेऊन रात्रंदिवस आत शिरायला बघत होते. सर्व्हरला वाटलं कुणीतरी पासवर्ड फोडतंय, आणि त्याने आख्ख्या ऑफिसला बंदी घातली.

उपाय साधा होता. राऊटर बंद करून चालू केला की आमचा नेटवाला नवा आयपी देतो. पण राऊटर शेठच्या केबिनमध्ये, आणि शेठ म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही. कॅमेरे बंद पडतात." मग होस्टिंगवाल्याला फोन लावला. तिथल्या मुलाने मधाळ आवाजात सांगितलं की बंदी उठवायची विनंती नोंदणीकृत ईमेलवरूनच आली पाहिजे. तो ईमेल निघाला केव्हाच नोकरी सोडून सिन्नरला गेलेल्या माणसाचा. हॉटस्पॉटवरच सगळं उरकावं म्हटलं, तर शेठने ड्रॉइंगं आणि दिवाळीच्या शुभेच्छा यातलं आजवर काहीही डिलीट केलेलं नाही. माझ्या रोजच्या २ जीबीत तो मेलबॉक्स २०२७ च्या सिंहस्थापर्यंत हलत राहिला असता.

सिंहस्थावरून आठवलं. सध्या नाशकात कशालाही एकच कारण आहे. टेबलाजवळून जो जाई तो "खोदकामात केबल तुटली असणार" म्हणून पुढे सरके. पोरगं दहावीला आपटलं तरी लोक खोदकामावर घालतील.

अशात तात्या आले. लग्नाची पत्रिका द्यायला. शेठ फोनवर होते, म्हणून खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"काय झालं रे?"

"सर्व्हर कनेक्ट होत नाही, तात्या."

"अर्थिंग बघितलं का?"

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

"अहो, सर्व्हर इथं नाही. कुठल्या कुठं लांब आहे."

"मग तिथलं अर्थिंग कोण बघतं?"

"तिथली माणसं."

"बघतात?"

यावर काय बोलणार? फोनवरचा तो मधाळ आवाज ऐकल्यापासून माझीही खात्री नव्हती. तात्यांनी चष्मा वर सरकवून पडद्यात डोकं घातलं.

"हे ९९३ काय? व्होल्टेज?"

"पोर्ट नंबर."

"फार होतंय. कमी कर."

"त्याखालचा १४३ आहे, पण तो..."

"२३० ला लाव."

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की ईमेल ही काही कालची गोष्ट नाही, १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या माणसाने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला, पत्त्यातलं ते ॲटचं चिन्हसुद्धा त्याचंच. तात्या विचारात पडले.

"एकाहत्तर साली ना? तेव्हा अर्थिंगला तांब्याची प्लेट असायची. आता लोखंडी जीआय घालतात. मग कसं चालणार?"

त्यांनी स्टोअरमधून होल्डर, बल्ब आणि वायर मागवून टेस्ट लॅम्प केला. एक टोक फेजला, दुसरं अर्थला. फेजचा करंट अर्थकडे निघाला की ईएलसीबी या सेफ्टी स्विचने पडायचं असतं, त्याचं कामच ते. तो पडला. ऑफिस अंधारात. माझ्या यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, नवीचं कोटेशन दिवाळीपासून सहीसाठी पडून आहे. कॅमेरेही बंद. शेठ केबिनमधून बाहेर आले. म्हटलं, आता व्याह्यांची खैर नाही.

शेठ म्हणाले, "बघा! म्हणजे फॉल्ट होताच."

पुढचं सगळं अंगणात झालं. शिपाई खडेमीठ घेऊन आला, तात्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात ते ओतलं, वर बादलीभर पाणी. आता खोटं कशाला बोलू, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावंच लागतं, माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. पण ते माणसाला शॉक बसू नये म्हणून असतं हो! मेलसाठी नसतं!

लाइट आले. राऊटर उठला. नवा आयपी मिळाला. मी बटण दाबलं आणि शेठचे मेल धडाधड यायला लागले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "शेठ, राऊटर बंद-चालू झाला म्हणून हे..." शेठ म्हणाले, "हो, तेही असेल." सकाळी याच माणसाने मला राऊटरला हात लावू दिला नव्हता. मग माझ्यासाठी मागवलेली मिसळ पापड-दह्यासकट तात्यांपुढे गेली. तात्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

व्हाउचर मात्र मलाच करावं लागलं. खडेमीठ, १ किलो. तपशिलात काय लिहू विचारलं तर शेठ म्हणाले, "ईमेल दुरुस्ती." लिहिलं. ऑडिटला विचारतील तेव्हा शेठनेच बघावं.

सगळ्यांच्या फोनमध्ये जुनी खाती अजून तशीच आहेत, म्हणजे हाही आयपी आज ना उद्या अडकणार. म्हणून काल एकेकाचा फोन मागत फिरलो. स्टोअरकीपरने आपला खिशातून काढलाच नाही.

"कशाला उगाच हात लावताय? तात्यांनी चांगलं करून दिलंय."