‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काहीच झालेलं नाही’ हे खरं नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘रिपोर्ट नॉर्मल आले की समजा, सगळे मनाचे खेळ. फॅमिली डॉक्टरला सांगून उपयोग नाही. मन रमवा, आपोआप बरं वाटेल.’ मी फॅमिली डॉक्टर आहे. यातलं एकही वाक्य पेशंटच्या भल्याचं नाही.

‘मनाचे खेळ’. डिप्रेशन असलेला माणूस ‘मी उदास आहे’ म्हणत येत नाही. तो पाठ दाखवतो, पोट दाखवतो, अंगात त्राण नाही म्हणतो. १४ देशांतल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिप्रेशनच्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के लोक डॉक्टरकडे आले ते फक्त शारीरिक तक्रारी घेऊन. दुखणं खरंच होतं त्यांचं. माझ्याकडे एक आजी डोकेदुखीसाठी यायच्या. रिपोर्टची जाड फाईल, सगळं नॉर्मल. झोपेचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘तीनला डोळा उघडतो, मग उजाडायची वाट बघते.’ नातीला गोष्ट सांगणंही त्यांनी सोडलं होतं. हे कुठल्या रक्ततपासणीत दिसणार? उलटंही घडतं बरं का: थकवा आणि उदासीमागे कधी थायरॉईड किंवा रक्त कमी असणं निघतं. म्हणून तपासण्या हव्यातच, पण तिथे थांबायचं नाही.

‘फॅमिली डॉक्टरला सांगून उपयोग नाही’. डिप्रेशन ओळखण्यासाठी मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत. २००२ साली डिप्रेशन असलेल्या, साठीपुढच्या १,८०१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या एका गटासाठी नेहमीच्या दवाखान्यातच प्रशिक्षित समन्वयक नेमून पाठपुरावा केला, गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. वर्षाअखेरीस या गटातल्या ४५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये १९ टक्के.

‘मन रमवा’. अहो, मन न रमणं हेच तर डिप्रेशनचं लक्षण! लंगडणाऱ्याला ‘पळ’ म्हणण्यासारखं आहे हे. छोट्या, ठरवून दिलेल्या कामांनी फायदा होतो, पण सोबतीला कुणी लागतं. औषध लागलं तर गुण यायला काही आठवडे जातात; ते मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा फाईलसोबत एवढंही सांगा: झोप कशी लागते आणि पूर्वी करत होतो त्यातलं काय सुटलं. जगणं नको वाटत असेल तर पुढच्या वेळेची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा.