‘ओन्ली’ नेमका कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इंग्रजीत ‘ओन्ली’, ‘ईव्हन’ हे शब्द ज्याला जोर द्यायचा त्याच्या अगदी अलीकडेच हवेत. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. ‘ओन्ली’, ‘ईव्हन’ वाक्यात कुठेही टाकले तरी अर्थ कळतो. खुद्द इंग्रज लोकही ‘ओन्ली’ क्रियापदाच्या अलीकडे घालून मोकळे होतात. आणि सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना आधी शब्द द्यावेत, जागांचा काथ्याकूट नंतर करावा.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘आय ओन्ली वेंट बिकॉज ही कॉल्ड’ हे बोलण्यातलं चांगलं इंग्रजी आहे. मागच्या लेखात मी ते चूक असल्यासारखं लिहिलं, ते मागे घेतो. बोलताना ‘बिकॉज ही कॉल्ड’वर जोर येतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर समजतं. कागदावर मात्र तो जोर दिसत नाही. टॉवेलच्या व्यापाऱ्याने परदेशी गिऱ्हाईकाला लिहायचं असेल तर ‘वी विल शिप द टॉवेल्स ओन्ली इफ वी रिसीव्ह द ॲडव्हान्स’ हेच पक्कं. यात ‘ओन्ली’ काढला तर ते नुसतं आश्वासन उरतं, ॲडव्हान्स आला नाही तर माल अडेल हे त्यात स्पष्ट येत नाही. आणि शब्द उलटे करून ‘इफ ओन्ली’ केलं तर ‘मिळाले असते तर किती बरं झालं असतं’ अशी हळहळ होते.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, कारण आपल्या मुलांची चूक इंग्रजांच्या त्या सवयीसारखी नसते. आपला ‘च’ शब्दाच्या मागे चिकटतो, ‘ही’सुद्धा तसाच. सोलापुरात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांचंही तेच, त्यांचा जोर देणारा ‘ए’ शब्दाच्या शेवटीच लागतो. दखनी उर्दूने तर आपला ‘च’च उचलला आहे. म्हणजे वर्गातलं मूल कुठल्याही घरातून आलेलं असो, जोराचा शब्द मागे ठेवायची सवय घेऊनच येतं. इंग्रजीत ‘आफ्टर’, ‘इफ’सारख्या शब्दाने जोडलेल्या गौण वाक्याला जोर द्यायचा तर तो शब्द जोडणाऱ्या शब्दाच्या पुढ्यात, अगदी त्याला खेटून बसतो. म्हणून ‘आफ्टर ओन्ली’, ‘व्हेन ओन्ली’ अशी वाक्यं वह्यांत सापडतात.

एकच वाक्य नीट बघू. ‘गाडीने कुर्डुवाडी सोडल्यावरच त्याने डबा उघडला.’ इथे ‘च’ कशाला लागला आहे? ‘सोडल्यावर’ला. त्यातल्या ‘वर’साठी इंग्रजीत ‘आफ्टर’ आहे, म्हणून ‘ओन्ली’ त्याच्या अलीकडे: ‘ही ओपन्ड हिज टिफिन ओन्ली आफ्टर द ट्रेन लेफ्ट कुर्डुवाडी.’ आता ‘च’ हलवा. ‘त्यानेच डबा उघडला’ म्हणजे ‘ओन्ली ही ओपन्ड’. ‘डबाच उघडला’, पिशवी नाही, म्हणजे ‘ही ओपन्ड ओन्ली हिज टिफिन’. मराठीत ‘च’ जिथे सरकेल तिथे इंग्रजीत ‘ओन्ली’ सरकतो, फक्त मागच्या बाजूचा पुढच्या बाजूला येतो. मुलांना आधी मराठी वाक्यातल्या ‘च’भोवती गोल करायला सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

हाच तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आणला की मुख्य वाक्यातला क्रम उलटतो: ‘ओन्ली आफ्टर द ट्रेन लेफ्ट कुर्डुवाडी डिड ही ओपन हिज टिफिन.’ नियम पाठ असलेली मुलंही इथे घसरतात. ती ‘डिड’ जवळच्या, म्हणजे गौण वाक्यात घालतात आणि ‘ओन्ली आफ्टर डिड द ट्रेन लीव्ह’ लिहितात. गौण वाक्याला हात लावायचा नाही, उलटापालट मुख्य वाक्यातच करायची.

‘तरी’ची अडचण वेगळी आहे. ‘पाऊस पडला तरी गेलो’ आणि ‘पाऊस पडला तरी जाईन’, दोन्हींत आपण ‘पडला’च म्हणतो. इंग्रजीला मात्र दोन वेगळी रूपं लागतात. घडून गेलेली गोष्ट असेल तर ‘ईव्हन दो इट रेन्ड, आय वेंट’. घडेल न घडेल अशी असेल तर ‘ईव्हन इफ इट रेन्स, आय विल गो’. ओळखायचं कसं? ‘तरी’च्या नंतरचं क्रियापद बघायचं. ‘गेलो’ असेल तर ‘दो’, ‘जाईन’ असेल तर ‘इफ’. मराठीतला ‘पडला’ बघून ‘ईव्हन इफ इट रेन्ड, आय विल गो’ लिहिलं जातं, ती याच जागेची चूक. कन्नड घरातल्या मुलालाही ही फोड करून द्यावी लागते, त्याचं ‘बंदरू’ ‘आला तरी’सारखंच दोन्हीकडे चालतं.

वेळेचं माप सांगतानाही जागा तीच, जोडणाऱ्या शब्दाच्या अलीकडे. ‘गड्ड्याची जत्रा भरायच्या दोन दिवस आधी’ म्हणजे ‘टू डेज बिफोर द फेअर बिगिन्स’; ‘बिफोर टू डेज’ नव्हे. ‘लगेच’साठी ‘राइट आफ्टर’, ‘थोड्या वेळाने’साठी ‘सून आफ्टर’, ‘खूप आधी’साठी ‘लाँग बिफोर’.

प्रत्येक जोडशब्द प्रत्येक क्रियाविशेषण खपवून घेत नाही, हेही खरं. ‘मेनली बिकॉज’, ‘पार्टली बिकॉज’, ‘सिम्प्ली बिकॉज’ चालतात. कारण सांगणाऱ्या ‘सिन्स’ आणि ‘ॲज’पुढे यातला एकही चालत नाही. ‘बिकॉज’ हे ‘का?’चं थेट उत्तर असतं, त्यामुळे ते मुख्य किंवा अंशतः असू शकतं. ‘सिन्स’ने सांगितलेलं कारण समोरच्याला ठाऊकच आहे असं धरलेलं असतं, मग त्याचे वाटे पाडण्यात अर्थ उरत नाही. ‘ऑल्दो’सुद्धा असाच एकटा राहतो, ‘ईव्हन ऑल्दो’ कुणी म्हणत नाही. ‘एव्हर’ लागतो तो फक्त वेळ सांगणाऱ्या ‘सिन्स’ला.

राहिला तिसरा आक्षेप. शब्द आधी द्यावेत, यावर आपलं दुमत नाहीच. फक्त ‘आफ्टर’ एकटा देऊ नका. फळ्यावर ‘ओन्ली आफ्टर’, ‘राइट आफ्टर’, ‘सून आफ्टर’, ‘टेन मिनिट्स आफ्टर’ असे चार तुकडे एकाखाली एक लिहा आणि चारही ‘शाळा सुटल्यावर’ला लावून वाक्यं करून घ्या. पुढच्या आठवड्यात ‘बिफोर’, त्यानंतर ‘इफ’, आणि ‘बिकॉज’ सगळ्यात शेवटी.