सैंधव खाल्लं की बीपी वाढत नाही? काहीतरीच!

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, पांढरं मीठ म्हणजे विष आणि सैंधव कितीही खा बीपी वाढतच नाही. अहो, सैंधव पण बहुतेक सगळं सोडियम क्लोराईडच आहे, म्हणजे साधं मीठच, आणि बीपी वाढवतं ते त्यातलं सोडियम; तो गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो आणि बाकीची मिनरल्स इतकी कमी की चिमूटभरातून काय डोंबल मिळणार! उलट पाकिटातल्या साध्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, ते यात बहुधा नसतंच. डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण, खारी सगळं धरायचं बरं का. किडनीचा त्रास असेल तर ते पोटॅशियमवालं लो सोडियम मीठही डॉक्टरांना विचारूनच घ्या.