मोचार्, वषर्, संघषर्

काल रात्री घर झोपल्यावर एकदाची कादंबरीची फाइल उघडली. पडद्यावर काय? रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. नव्या लॅपटॉपवर तो जुना फॉन्ट नाही, म्हणून माझी दोनशे पानं मराठीच राहिली नाहीत!

मग कन्व्हर्टर, जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा. त्यानं 'मोर्चा'चं 'मोचार्' केलं, 'वर्ष'चं 'वषर्', 'संघर्ष'चं 'संघषर्'. 'गिरणी'ची वेलांटी ग सोडून त्याच्या आधी जाऊन बसली. १९८२च्या संपावरची कादंबरी आहे हो ही! पानागणिक मोर्चा, पानागणिक गिरणी. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहावं अशी पद्धत; तीत देवनागरी १९९१पासून आहे. आणि आम्ही अजून रफार शोधत बसायचं?

सुटलेली कादंबरी पुन्हा धरायची तर आधी ती सलग वाचावी लागते, बाईचा आवाज कानात बसेपर्यंत. माझी खानावळवाली लालबागची, मूळची कुडाळकडची. १८ जानेवारीला संप सुरू झाला, पगार थांबले, मेंबर एकेक करून गावाला गेले आणि तिच्या हातात उधारीची वही उरली. त्या वहीपाशी लिखाण थांबलं होतं. आता ती पैशासाठी मेंबरांच्या घरी पत्रं धाडते की पितळेची पातेली गहाण टाकते, हे मला तिच्या बोलण्यातूनच कळणार होतं. ती तोंड उघडते आणि मला दिसतो भलत्या अक्षरावर चढलेला रफार. तो उचलून जागेवर ठेवेपर्यंत बाई गप्प. पुढची ओळ, पुन्हा तेच. दोन वाजेपर्यंत मुद्रितशोधन केलं, कादंबरीचं एक वाक्यही पुढे सरकलं नाही.

जिथं कन्व्हर्टरनं कृपा केली तिथं स्पेलचेकच्या लाल रेघा. 'माका' चूक, 'खंय' चूक, 'जेवाक' चूक. तिची मालवणी चूक ठरवणारे तुम्ही कोण?

आणि हा धागा तुटला कशानं? दिवाळी अंकानं. आषाढात संपादकांचा फोन, "ताई, कथा द्यायचीच, नाही म्हणायचं नाही." कादंबरी बाजूला ठेवून कथा लिहिली, ते म्हणाले तशी कापली, पुन्हा कापली. अंक निघाला, त्यात कथा नाही. विचारलं तर म्हणे, जाहिराती वाढल्या, पुढच्या वर्षी बघू. मानधन राहू द्या, साधं कळवायचं तरी! लग्नाकार्यात भेटणारे वेगळेच. "अजून तीच का?" हो, तीच! "रोज पाचशे शब्द लिहायचे, होऊन जाते." तुम्ही लिहा ना मग. परवा एका भाच्यानं सुचवलं, उरलेली एआयकडून लिहून घे. त्याला त्या खानावळीतल्या भाताचा वास माहीत आहे का?

आज सकाळी प्रकाशकांना फोन केला, म्हटलं आता सगळं युनिकोडमध्ये आणते आहे. ते म्हणाले, "आणा की. पण आम्हाला पाठवताना जुन्या फॉन्टातच पाठवा, आमचा ऑपरेटर त्यातच पानं लावतो."

मी फोन आपटला. कुठल्याही फॉन्टात पाठवणार नाही. तुमच्या ऑपरेटरला युनिकोड शिकवा!